सात नंबरचा बाक चालू लागला

१

गुरुवारी सकाळी वाटाड्याला सात नंबरचा बाक दिसला आणि त्याचा झाडू हातातच थांबला.

बाक दिसणं काही वाईट नाही. दिसावा म्हणूनच तो ठेवलेला असतो. पण हा जिथं दिसायला हवा तिथं नव्हता. बारा नंबरच्या खांबाजवळ, हेडमास्तरांच्या परसाच्या भिंतीला लागून तो ठेवला होता, तिथं आता नुसते चार दाबलेले चौकोन उरले होते आणि त्यांत गवत उगवलं होतं. बाक तिथून चांगला दोनशे वीस पावलं पुढं, एका डेरेदार झाडाखाली उभा होता. ऐटीत. जणू तिथंच जन्मला.

वाटाड्याने खिशातून वही काढली, आकडा लिहिला आणि बाकावरच बसला. 

दोन शहरं आणि सव्वीस गावं पायवाटांनी आणि सायकलवाटांनी एकमेकांना जोडायची, असं एक मोठं काम तीन वर्षं चाललं होतं. धरणापासून जंगलापर्यंत, जंगलापासून बाजारापर्यंत माणसाने गाडीला हात न लावता जावं, अशी ती वाटांची जाळी. सगळे धागे जुळले होते. राहिला होता तो हा कालव्याकाठचा तुकडा. शनिवारी वाटांच्या कचेरीतून मोजणीबाई येणार, चाकाने वाट मोजणार, खांब, पाट्या, बाक नकाशाशी ताडून पाहणार. तुकडा पास झाला की जाळी पुरी, आणि वाटाड्याची राखणदारी पुढची पाच वर्षं पक्की. नापास झाला तर तुकडाही गेला आणि राखणदारीही.

वाटाड्या एक्केचाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. याआधी त्याने चार धंदे केले आणि चारही धंद्यांनी त्याला बुडवलं. हे पहिलंच काम असं की सकाळी घराबाहेर पडताना तो शीळ घालायचा.

आता शीळ सुचत नव्हती. कारण बाक चालतो कसा, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. सहा बाकांना बोल्ट पुरले, सातव्याच्या वेळी डबा रिकामा झाला. ‘उद्या येतील बोल्ट’ म्हणून त्याने फॉर्मवर ‘बसवला व पक्का केला’ या रकान्यात टिक मारून टाकली. तो उद्या अजून उजाडायचा होता. कुणाला मदत मागावी, तर आधी ती टिक सांगावी लागली असती.

शेवटी तो उठला आणि थेट मावशीच्या घरी गेला. जगात एकच माणूस असा होता की ज्याच्यापुढं टिक कबूल केली तर चार शिव्या बसतील, पण बातमी फुटणार नाही.

२

मावशी आईची धाकटी बहीण. सारा गाव तिला मीटरमावशी म्हणायचा. एकतीस वर्षं तिने घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले होते. कुणाच्या अंगणात कुत्रं चावरं आणि कुणाच्या अंगणात मालक, हे तिला पाठ. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पाठीचा बाक गेला नव्हता, कारण मीटर नेहमी जमिनीलगतच असतात.

तिने भाच्याचं सगळं ऐकून घेतलं.

“टिक मारलीस?”

“मारली.”

“बोल्ट नव्हते?”

“नव्हते.”

“गाढवा,” मावशी म्हणाली. मग थोडं थांबून, “अरे, गाढव तरी ओझं बांधल्याशिवाय निघत नाही. बरं, वही दाखव.”

वाटाड्या दर गुरुवारी वाट झाडायला जायचा. सात गुरुवार त्याने बाकाची जागा मूळ जागेपासून पावलं मोजून लिहिली होती. भीतीने का होईना, पण नेमाने. मावशीने चष्मा लावला, कागदावर दोन रकाने आखले आणि वर लिहिलं: मागचं रीडिंग, आताचं रीडिंग.

“माणूस काय म्हणतो ते ऐकायचं नाही,” ती आकडे उतरवता उतरवता म्हणाली. “एका घरात म्हणे, आम्ही दोघंच, पाणी वापरतोय कुठं. मीटर सांगत होता, नऊ जणं आंघोळ करतायत. तीन पाहुणे माळ्यावर लपवलेले निघाले, आणि चौघं न्हाणीत रांगेत! फरक बघायचा. चोरी असते ती फरकात.”

पहिला आठवडा चाळीस पावलं. दुसरा ऐंशी. तिसरा एकशेवीस.

“दर खेपेला चाळीस पुढं,” वाटाड्या म्हणाला. “चोर हप्त्याने नेतोय, मावशी!”

मावशीच्या पेन्सिलीचं टोक चौथ्या ओळीवर थांबलं. तिने वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

“चौथ्या गुरुवारी शंभर लिहिलंयस. चुकलास का?”

“नाही. दोनदा मोजलं. त्या आठवड्यात तो वीस पावलं मागं आला होता. मग पुन्हा एकशेचाळीस, एकशेऐंशी आणि आज दोनशे वीस.”

मावशीने पेन्सिल खाली ठेवली.

“एकतीस वर्षांत मी एकच मीटर उलटा फिरलेला पाहिला,” ती हळू आवाजात म्हणाली. “चोर कधी थोडं परत आणून ठेवत नाही रे. जो हे करतोय, तो बाक चोरतच नाहीये.”

“मग काय करतोय?”

“ते कळलं असतं तर मी अजून बसले असते का? चपला आण माझ्या.”

३

संशयाला माणसं तीनच होती. बाकामुळे ज्यांचं काही अडत होतं किंवा सुटत होतं अशी.

पहिले हेडमास्तर. बाक त्यांच्या खिडकीखाली ठेवला त्या दिवसापासून त्यांनी वाटांच्या कचेरीला अकरा पत्रं लिहिली होती. सायकलस्वार येऊन बसतात, मोठमोठ्याने हसतात, आणि हेडमास्तरांच्या दुपारच्या झोपेचं खोबरं होतं.

“बाक हलला त्याचा मला आनंद झाला,” हेडमास्तर दारातच म्हणाले. “लपवत नाही.”

“मग हलवला तुम्हीच?” वाटाड्याने विचारलं. मावशीने त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

हेडमास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला चौथीतला गृहपाठ आठवला. “तू माझ्या वर्गात असताना तुझं गणित कच्चं होतं, अजून आहे. मला बाक हलवायचाच असता तर मी तो एका झटक्यात कालव्यात ढकलला असता. चाळीस-चाळीस पावलं रतीब कशाला घालू? आणि मला एकट्याला तो उचलेल का? हे बघ.” त्यांनी दंड वर केला. बाहीत दंड शोधावा लागत होता.

“चाळीस पावलं? तुम्ही मोजलीत, मास्तर?” मावशीने विचारलं.

“शिक्षक आहे, बाई. समोर काही सरकलं की मी मोजतो. आणि तो वीस पावलं मागं आला तेव्हा मी दोन रात्री झोपलो नाही. म्हटलं, परत येतोय की काय!”

दुसरी लिंबूवाली. चौदा नंबरच्या खांबापाशी तिची लिंबूपाण्याची टपरी. बाक आठवड्या-आठवड्याने तिच्याच दिशेने येत होता, आणि आता टपरीपासून हाकेच्या अंतरावर होता. यापेक्षा सरळ पुरावा तो कोणता?

“हो, माझा धंदा वाढला,” ती ग्लास विसळत म्हणाली. “पण मावशी, बाक मी ओढला असता तर टपरीच्या दारात ओढला असता. अर्ध्या वाटेत झाडाखाली ठेवून मला काय मिळणार? आणि जागा तरी कुणी निवडली? माझं गिऱ्हाईक येतं संध्याकाळी. संध्याकाळी त्या बाकावर उन्हाची तिरीप सरळ डोळ्यांत. बसवत नाही कुणाला.”

मावशी वळून बाकाकडे बघू लागली. “सावली कधी असते?”

“सकाळी. नऊ ते दहा. दर वेळी सरकतो तरी सकाळी नवाला बरोब्बर सावलीत असतो मेला. घड्याळ लावून ठेवल्यासारखा.”

मावशीने वहीत लिहिलं: नऊ. आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

४

दोघं बाकापाशी आली. मावशी सवयीने वाकली. माणसं वस्तू वरून बघतात, मावशी आयुष्यभर खालून बघत आली होती.

“हे बघ,” ती पालथी पडून म्हणाली.

बाक ठेवला होता ती जमीन थोडी उतरती होती. डुगडुगू नये म्हणून डाव्या मागच्या पायाखाली काळ्या रबराच्या तीन चकत्या घातल्या होत्या. सायकलच्या ट्यूबच्या.

“सायकलवाला!” वाटाड्या ओरडला. “त्याच्याकडे रबर आहे, त्याच्याकडे सायकलला जोडायचा गाडा आहे, बाक त्या गाड्यावरच मावतो! चोर सापडला, मावशी!”

“गप. आधी मला उठव.”

सायकलवाल्याचं दुरुस्तीचं दुकान बाजारपेठेत, घड्याळजीच्या दुकानाला खेटून. तो तिसरा संशयित. माणूस आडदांड, हात तेलाने काळे, बोलणं मोजकं. वाटाड्याने टेबलावर चकत्या आपटल्या तेव्हा तो एका चाकाची तार ताणत होता.

“ट्यूब तुझी?”

“गावातली प्रत्येक ट्यूब माझीच.”

“गाडा तुझा?”

“माझा. मागेल त्याला देतो. परवा मास्तरांनी पुस्तकं नेली, लिंबूवाली रोज बाटल्या नेते. गाड्याला मी विचारत नाही, कुठं गेला होतास.”

“बुधवारी कुणी नेला?” मावशीने विचारलं. बुधवारी अख्खी बाजारपेठ बंद असते. दुकानदार मोकळे असतात ते त्याच दिवशी, म्हणजे बाक हलत असणार तो बुधवारी, दुपारी माणसं जेवून पडलेली असतात तेव्हा.

सायकलवाल्याने तार जरा जास्तच ताणली. ती टण्‌कन तुटली.

“मावशी, मी खोटं बोलत नाही,” तो म्हणाला, “म्हणून मी आता बोलतच नाही.”

वाटाड्याला वाटलं, झालं, संपलं. पण मावशी शेजारी टांगलेल्या ट्यूबवरचं एक जुनं ठिगळ बोटाने चाचपत होती. ठिगळ वेडंवाकडं होतं, कात्रीने भराभर कापलेलं. मग तिने टेबलावरच्या चकत्या हातात घेतल्या. तिन्ही एकाच मापाच्या. गोल, अगदी नाण्यासारख्या. कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

“ट्यूब याची,” बाहेर आल्यावर ती म्हणाली, “गाडा याचा, ताकद याची. हात मात्र याचा नाही. बाकाच्या पायाखाली घालायच्या चकतीची कड घासतो, असा माणूस गावात कोण आहे?”

वाटाड्याने डोकं खाजवलं. “मास्तर?”

“मास्तरांना पेन्सिलीला टोक करता येत नाही. उद्या सकाळी नऊला बाकापाशी ये. आणि तोंड घरी ठेवून ये.”

५

शुक्रवारी सकाळी नवाच्या आधीच दोघं टपरीच्या आडोशाला बसली. बाक सावलीत होता.

नऊला पाच मिनिटं असताना वाटेवर दोन माणसं दिसली. पुढं टेपकाकू, गळ्यात शिंप्याची टेप. झोपताना तरी ती काढतात की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. हातात काठी, पण काठी जमिनीला लागत होती ती नावालाच. एक पाऊल मागं त्यांचा नवरा, घड्याळजी. आयुष्यभर स्टुलावर बसून, डोळ्याला भिंग लावून केसाएवढे काटे बसवणारा माणूस. सदरा अंगावर तंबूसारखा फुगत होता. पँट मात्र कमरेला नीट मापात. मावशीने वहीत लिहिलं: सदरा, पँट? हे एक रीडिंग काही तिला लागेना.

टेपकाकू बाकावर बसल्या, पाय लांब केला.

“पोचले बाई,” त्या टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “बाकापर्यंत म्हणजे बाकापर्यंत. त्यापुढं एक पाऊल टाकणार नाही हं!”

“नको टाकूस,” घड्याळजी म्हणाला, आणि त्याने हळूच मागं वळून आपण आलो ती वाट पाहिली. शाळेत पहिल्या आलेल्या मुलाकडे बाप बघतो तसं.

मावशी लिंबूवालीकडे वळली. “तीन-चार आठवड्यांपूर्वी काकूंची तब्येत कशी होती?”

“महिना झाला असेल, गुडघा सुजला होता त्यांचा. फार लंगडत होत्या बिचाऱ्या. का हो?”

मावशीने वही मिटली.

दीड-दोन तासांनी घड्याळजीच्या दुकानात चाळीसेक घड्याळं टिकटिकत होती आणि मालक मात्र बंद पडला होता. समोर काचेवर मावशीने तीन चकत्या मांडल्या होत्या.

“काकूंनी शब्द दिला होता,” मावशी म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, चाला. त्या म्हणाल्या, बाकापर्यंत. घरापासून तेव्हा बाक किती लांब होता?”

“नव्वद पावलं,” घड्याळजी पुटपुटला. “डॉक्टर म्हणाले होते, दर आठवड्याला थोडं वाढवा. ही ऐकेल तर ना! हिचा शब्द म्हणजे कात्रीचा काप, एकदा टाकला की टाकला. बाकापुढं येईना. मग मी म्हटलं, ही बाकापुढं जात नाही तर बाकच हिच्यापुढं जाऊ दे. बुधवारी दुपारी ती शाळेत मुलींना शिवण शिकवायला जाते.”

“आणि गुडघा सुजला तेव्हा वीस पावलं मागं आणलात.”

“आणला. पाऊण तास लागला. सायकलवाला मला म्हणाला, आज उलटं का? मी म्हटलं, घड्याळ पुढं गेलं असलं तर काटा मागं घ्यावा लागतो.”

वाटाड्या इतका वेळ गप्प होता. आता फुटला. “काका, सार्वजनिक बाक आहे तो!”

“मग मी काय खाजगी आहे?” घड्याळजी म्हणाला. मग त्याने वाटाड्याचा चेहरा पाहिला आणि वरमला. “तुझं काही अडलं का बाळा?”

वाटाड्याने सगळं सांगितलं. टिक, बोल्ट, मोजणीबाई, पाच वर्षं. घड्याळजी ऐकत गेला तसतसा स्टुलावर बसका होत गेला.

“आज दुपारी बाक जागेवर ठेवतो. बोल्ट सायकलवाला देईल,” तो म्हणाला. “पण उद्या ती बाहेर पडली आणि बाक नव्वद पावलांवर दिसला तर? सात आठवडे मी तिला फसवलं, हे कळेल तिला. मग नव्वदवरसुद्धा येणार नाही. आणि माझ्याशी बोलणार नाही ते वेगळंच.”

“उद्या सकाळी काकूंना घरात ठेवा,” मावशी म्हणाली. “दुपारनंतर बघू.”

“घरात? तिला?” घड्याळजी म्हणाला. त्याच वेळी चाळीस घड्याळांनी एकदम अकराचे ठोके द्यायला सुरुवात केली, आणि तो पुढं काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही.

६

मोजणीबाई शनिवारी साडेआठला आल्या. उंच, कोरड्या, हातात दांड्याचं चाक. चाक जमिनीवर फिरायचं आणि दर मीटरला ‘टिक्’ वाजायचं. प्रत्येक ‘टिक्’ला वाटाड्याला आपली टिक आठवत होती. मागून मावशी, हात पाठीला लावून.

बारा नंबरचा खांब. सात नंबरचा बाक जागच्या जागी. मोजणीबाईंनी तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. ढिम्म. कालच सायकलवाल्याने पान्याला लोंबकळून बोल्ट आवळले होते. खिडकीतून हेडमास्तर हे सगळं अशा चेहऱ्याने बघत होते, जणू घरी नको असलेला पाहुणा मुक्कामाला आला आहे.

“सात नंबर, बरोबर,” मोजणीबाईंनी लिहिलं. जिंकलो, असं वाटाड्याला वाटलं.

चाक पुढं निघालं. ऊन वाढलं होतं. मोजणीबाई नव्या बुटांत आल्या होत्या, आणि डाव्या टाचेला काहीतरी होत होतं हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं. डेरेदार झाडाखाली त्या थांबल्या. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

“इथं बसायला काही नाही?”

“पुढं आठ नंबर आहे,” वाटाड्या म्हणाला. “पुलापलीकडं. सहाशे पावलं.”

मोजणीबाईंनी डावा पाय उचलला. एका पायावर उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. टक्, टक्, टक्. टेपकाकू येत होत्या आणि त्यांच्या मागं धापा टाकत घड्याळजी. काकू सात नंबरच्या बाकाजवळून गेल्या, त्याच्याकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. सरळ आल्या झाडाखाली, बरोबर त्या जागेवर. थांबल्या, कमरेवर हात ठेवला.

“माझा बाक कुठाय?”

वाटाड्याने मावशीकडे पाहिलं.

“काकू,” मावशी म्हणाली, “बाक तर तिकडं मागं...”

“तो तिकडचा. मी इथला विचारतेय. बुधवारी माझ्या नवऱ्यानं नि सायकलवाल्यानं इथं आणून ठेवला तो.”

घड्याळजीचा जबडा खाली आला. “तुला... तुला माहीत होतं?”

“अहो, तीस वर्षं मी माणसांची मापं नजरेनं घेते. अर्धा इंच चुकत नाही, आणि चाळीस पावलं मला कळायची नाहीत? पहिल्या आठवड्यालाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

काकूंनी गळ्यातली टेप काढली आणि भर वाटेत, मोजणीबाईंच्या देखत, नवऱ्याच्या कमरेभोवती गुंडाळली.

“कारण गुडघा माझा होता आणि पोट तुमचं होतं. तुम्हालाही डॉक्टर दोन वर्षं सांगतायत, चाला. तुम्ही म्हणता, माझा धंदाच बसायचा. आता रोज माझ्यावर लक्ष ठेवायला म्हणून मागं मागं येता, बुधवारी गाडा ढकलता. तीन वेळा पँट आत घेतली मी तुमची. तुम्हाला पत्ताही नाही! बघा. अडतीसची छत्तीस झाली. मी बोलले असते तर बसला असता परत स्टुलावर.”

“सदरा, पँट,” मावशी स्वतःशीच म्हणाली आणि वहीतलं प्रश्नचिन्ह खोडून टाकलं. सदरे मात्र काकूंनी मुद्दाम तसेच ठेवले होते. पोट गेलं हे त्याला दिसू नये म्हणून.

इतका वेळ मोजणीबाई एका पायावर उभं राहून ऐकत होत्या. आता त्यांनी फॉर्म काढला.

“एक मिनिट. सात नंबरचा बाक दर आठवड्याला गाड्यावर घालून हलवत होते?”

घड्याळजी काकूंच्या मागं सरकला.

“म्हणजे तो पक्का नव्हता. फॉर्मवर तर चार महिन्यांपूर्वीची टिक आहे.”

मावशीने तोंड उघडलं. चार बहाणे तिच्या जिभेवर तयार होते. एकतीस वर्षं तिने लोकांचे ऐकलेच होते. पण वाटाड्या तिच्या पुढं आला.

“टिक माझी,” तो म्हणाला. “बोल्ट नव्हते तरी मारली. काल आवळले. बाक हलतोय हे मला पहिल्या गुरुवारपासून माहीत होतं. भीतीने सांगितलं नाही.” आणि त्याने वही पुढं केली. “हे सगळं यात आहे.”

मोजणीबाईंनी वही घेतली. त्या वाचत होत्या आणि वाटाड्या त्यांच्या बुटांकडे बघत होता. डाव्या बुटातून लालसर डाग दिसत होता.

“चाळीस, ऐंशी, एकशेवीस,” त्यांनी वाचलं. “आणि शंभर?”

“गुडघा सुजला होता,” घड्याळजी म्हणाला.

मोजणीबाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“दोन बाकांमधलं अंतर किती ठेवायचं,” त्या शेवटी म्हणाल्या, “यावर आमच्या कचेरीत सात बैठका झाल्या. खुर्च्यांवर बसून. दुखऱ्या पायाने कुणी चालून नाही पाहिलं.” त्यांनी झाडाला टेकून बूट काढला, टाच पाहिली, आणि तशाच एका अनवाणी पायाने फॉर्मवर लिहू लागल्या. “खोटी टिक मारल्याबद्दल लेखी ताकीद. ती मिळणारच, त्यात दयामाया नाही. राखणदारी चालू. टिक एक खोटी होती, पण सात गुरुवारच्या नोंदी खऱ्या आहेत, आणि अशा नोंदी मला सव्वीस गावांत कुणी दिलेल्या नाहीत. आणि या जागेवर नवीन बाक. सात-अ.” त्यांनी वर पाहिलं. “बोल्ट आधी, टिक नंतर.”

“हो बाई,” वाटाड्या म्हणाला. त्याला शीळ घालावीशी वाटली, पण आधी त्याने वही परत मागून घेतली.

पंधरा दिवसांनी नवा बाक आला. नकाशाही छापून आला, आणि त्यावर कालव्याचा तुकडा निळ्या रेघेने धरणापासून जंगलापर्यंत अखंड जोडलेला होता. वाटाड्या गुडघे टेकून बोल्ट आवळत होता. मावशी बाकाखाली वाकून ते मोजत होती. एक, दोन, तीन, चार. मगच तिने त्याला फॉर्म दिला.

सकाळचे नऊ वाजले होते. टेपकाकू आणि घड्याळजी आले. घड्याळजी नव्या बाकावर धपकन बसला.

“घट्ट बसव रे,” काकू वाटाड्याला म्हणाल्या. “चांगला घट्ट. कुणाला हलवता येता कामा नये.”

“पक्का आहे, काकू.”

“आणि तो आठ नंबरचा? तो पक्का आहे?” घड्याळजीने घाबरत विचारलं.

“पक्का. सहाशे पावलांवर.”

काकूंनी नवऱ्याच्या पोटाकडे एकदा नजर टाकली. टेपसुद्धा काढली नाही.

“पुरतील,” त्या म्हणाल्या. “उठा.”